दिवा बंद झाल्यानंतरचं वाक्य

विद्यापीठात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. हजेरीपटावर नाव होतं, दारावरच्या पाटीवरही अर्धवट पुसलेलं होतं, पण सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, शब्दशःबाई. हे बारसं विद्यार्थ्यांनी केलेलं, म्हणजे त्यात चेष्टा होतीच. कोणी विचारलं, "बाई, परवा ते पाहुणे काय म्हणाले हो?" की बाई सारांश सांगायच्या नाहीत. "थांबा," म्हणायच्या, कपाटातून वही काढायच्या आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागायच्या. विचारणारा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहायचा. घरीही तीच तऱ्हा. "शेजारीण काय सांगत होती?" असं नवऱ्याने विचारलं, तर त्या शेजारणीचं बोलणं खोकल्यासकट सांगायच्या. नवरा घड्याळजी होता, दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीक काम करायचा, त्यामुळे सहनशक्ती भरपूर होती. पण तोही कधीकधी म्हणायचा, "अगं, मला वेळ सांग फक्त, घड्याळ उघडून दाखवू नकोस."

विद्यापीठात आंतरराष्ट्रीय घडामोडींवर दरवर्षी एक व्याख्यानमाला होते. सहा शुक्रवार, संध्याकाळी पाच वाजता, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात. सीमा, करार, निर्बंध, निर्वासित, समुद्रातल्या हद्दी, असे विषय. बोलायला मोठमोठी माणसं येतात आणि ऐकायला तीसचाळीस. त्यातले दहा जण चहाबिस्किटांसाठी येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल कोणी वाईट वाटून घेत नाही. या मालेचा वृत्तांत घेण्याचं काम सत्तावीस वर्षं बाईंकडे होतं; दर वर्षीच्या वृत्तांताचा एक छापील खंड निघायचा. टायपिंगच्या क्लासात वयाच्या अठराव्या वर्षी शॉर्टहँड शिकल्या, तेव्हा क्लासच्या मास्तरांनी सांगितलं होतं, "हात बोलणाऱ्याच्या मागे पळू दे, डोकं मध्ये आणू नकोस." बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे सगळ्यांनाच त्याचा त्रास झाला.

सभागृहात त्यांचं टेबल व्यासपीठाच्या डाव्या अंगाला, एका जाडजूड खांबाच्या मागे होतं. तिथून वक्त्याचा आवाज स्वच्छ यायचा, पण वक्त्याला बाई दिसायच्या नाहीत. दिसायचा तो समोरच्या ध्वनिमुद्रण यंत्राचा लाल दिवा. ते यंत्र ज्यांच्या ताब्यात होतं त्यांना सगळे मामा म्हणत. मामांची एक सवय वर्षानुवर्षं पक्की झालेली होती. "आभार" हा शब्द कानावर पडला की त्यांचा अंगठा आपोआप बटणावर जायचा आणि दिवा बंद. आभार ऐकून कोणाचं भलं झालंय, असं त्यांचं म्हणणं. बाईंची सवय वेगळी होती. अध्यक्ष खुर्चीतून उठेपर्यंत त्या लिहीत राहायच्या. आभार, टाळ्या, "पंखा बंद करा रे," सगळं.

मालेचा एक नियम होता, तो ज्या जुन्या प्राध्यापकांनी ही माला सुरू केली त्यांनी घालून दिलेला. पहिल्याच वर्षी एका वक्त्याने व्याख्यानात एक सांगितलं आणि वर्तमानपत्रांना सांगितलं, मी असं बोललोच नाही. प्राध्यापक तापट होते. त्यांनी एक घाव दोन तुकडे केले. तेव्हापासून दर शुक्रवारी नवं व्याख्यान सुरू होण्याआधी मागच्या शुक्रवारची प्रश्नोत्तरं वाचून दाखवायची. त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी दोघांनी हात वर केले की ती कायम. प्रश्न विचारणाऱ्याचा हात मोजायचा नाही. एकदा कायम झालेला शब्द कोणी गाळायचा नाही, आणि कायम न झालेला छापायचा नाही. इतक्या वर्षांत हे वाचन म्हणजे नुसता उपचार झाला होता. बाई वाचायच्या, लोक जांभया द्यायचे, पुढच्या रांगेतले कोणीतरी दोघं न ऐकताच हात वर करायचे.

चौथ्या शुक्रवारी वक्ते होते निवृत्त राजदूत. उंच, ताठ, बोलणं इतकं घोटीव की ऐकताना वाटावं, जगात युद्धं होतात ती निव्वळ बोलायची पद्धत न कळल्यामुळे. विषय होता वाटाघाटी. व्याख्यान छान झालं, प्रश्न सपक झाले. अध्यक्षस्थानी विभागप्रमुख होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि एका तरुण अध्यापकाला आभार मानायला उभं केलं. "आभार" म्हणताच मामांच्या अंगठ्याने काम केलं. दिवा बंद झाला. तेवढ्यात मागच्या दाराशी उभ्या असलेल्या एका बाईने हात वर केला. अंगावर नर्सचा गणवेश होता, ड्युटीवरून थेट आलेली दिसत होती.

विभागप्रमुख म्हणाले, "वेळ संपली, ताई." पण राजदूतांनी यंत्राकडे एक नजर टाकली, खुर्चीत जरा सैल बसले आणि म्हणाले, "असू द्या, एक प्रश्न घेऊ की."

नर्सने विचारलं, "अकरा वर्षांपूर्वी आपलं मालवाहू जहाज समुद्रापलीकडच्या देशाने पकडलं होतं, तेव्हा तुम्ही तिथे राजदूत होतात. नऊ खलाशी होते. त्या नऊ जणांची नावं तुम्हाला नेमकी कधी कळली?"

लोक उठायला लागले होते. खुर्च्या सरकत होत्या, चहाच्या कपांचा आवाज येत होता. राजदूत आपल्या घोटीव आवाजात नाही, साध्या आवाजात बोलले, "तिसऱ्या दिवशी सकाळी यादी माझ्या टेबलावर होती. नऊ नावं, वयं, आणि एकाच्या पुढे लिहिलेलं होतं, रोज इंजेक्शन लागतं. बाराव्या दिवशी व्यापारी करारावर सह्या व्हायच्या होत्या. मी यादी ड्रॉवरमध्ये ठेवली. माणूस नऊ दिवस तग धरेल असं मला वाटलं."

विभागप्रमुख घाईघाईने उठले. खांबामागे बाईंनी पूर्णविराम दिला आणि पेन्सिल खाली ठेवली. जहाजाचं प्रकरण त्यांनाही आठवत होतं. आठ खलाशी परत आले होते, एक दहाव्या दिवशी कोठडीतच वारला होता. त्या वेळी सरकारने सांगितलं होतं की दहाव्या दिवसापर्यंत खलाशांची नावं दूतावासाच्या हाती आली नव्हती.

सोमवारी सकाळी विभागप्रमुखांनी बोलावणं धाडलं. हे गृहस्थ एके काळी याच विभागात विद्यार्थी होते. त्यांच्या पहिल्या भाषणाचा वृत्तांत बाईंनीच घेतला होता, आणि त्यात "म्हणजे" हा शब्द एकशेबारा वेळा आला होता हे बाईंनी त्यांना प्रेमाने सांगितलंही होतं. आता ते चष्मा पुसत म्हणाले, "बाई, राजदूतसाहेबांचा फोन होता. तो शेवटचा प्रश्न कार्यक्रम संपल्यानंतरचा. तेवढा वगळा."

"कार्यक्रम अध्यक्ष उठल्यावर संपतो, सर. तुम्ही बसलेले होतात."

"अहो, आभार सुरू झाले होते."

"सुरू झाले होते. संपले नव्हते. अजून चहावाल्यांचे मानायचे होते."

विभागप्रमुखांनी चष्मा घातला. "हे बघा, नवं अभ्यासकेंद्र सुरू करायचंय. साहेबांनी त्याचं अध्यक्षपद घ्यायचं कबूल केलंय. त्यांच्यामुळे पोरांना किती दारं उघडतील, विचार करा. आणि तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. त्यानंतर जुन्या खंडांची सूची करायला कोणीतरी लागणारच आहे. माझ्या मनात तुमचंच नाव आहे."

बाईंना ते काम हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, त्याच्यावर त्यांचा जीव होता. सत्तावीस खंड, त्यांतला प्रत्येक शब्द त्यांच्या हातून गेलेला, आणि त्यांची सूची दुसऱ्या कोणी केली तर तो गोंधळ घालणार यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. तरी त्या म्हणाल्या, "भाषा मी सुधारते, सर. अडखळलेलं सरळ करते. बोललेलं काढत नाही."

"मग शुक्रवारचं वाचन मीच करतो. वही द्या इकडे."

"घ्या की." बाईंनी वही पुढे केली.

विभागप्रमुखांनी वही उघडली. पानभर रेघोट्या, आकडे, ठिपके. वही आडवी धरून पाहिली, उभी धरून पाहिली. अख्ख्या विभागात शॉर्टहँड वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी वही मिटली आणि त्यांचा चेहरा पाहून बाईंना हसू आवरेना. "टाईप करून द्या," ते म्हणाले.

"देते ना. सगळं देते."

हे बोलून आल्या खऱ्या, पण टेबलाशी बसल्यावर कामात लक्ष लागेना. बाई काही जन्मजात शूर नव्हत्या. उलट या बाबतीत त्यांनी एकदा चांगलीच माती खाल्ली होती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी सीमारेषांवर एका तज्ज्ञाचं व्याख्यान झालं. ज्याच्या गावाच्या मधूनच सीमा गेली होती असा एक म्हातारा शाळामास्तर तिथे आला होता. त्याने विचारलं, ही रेघ आखणाऱ्यांपैकी आमचं गाव कोणी पाहिलं होतं का? तज्ज्ञ म्हणाला, खरं सांगायचं तर कोणीच नाही. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञाने विनंती केली की तेवढं वाक्य वाचनातून गाळा, आणि बाईंनी मुकाट्याने गाळलं. वर्षभराने मास्तर बसने सात तास प्रवास करून खंड बघायला आला. त्याने पान काढलं, बोट लावून वरपासून खालपर्यंत वाचलं, पुस्तक मिटलं, बाईंना नमस्कार केला आणि गेला. एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाईंना नंतर कित्येक वर्षं वाटत राहिलं. तेव्हा त्यांनी कानाला खडा लावला.

मंगळवारी दुपारी ती नर्स आली. पिशवी मांडीवर ठेवून खुर्चीच्या कडेला बसली आणि म्हणाली, "ताई, मला त्यांच्या उत्तराची एक प्रत मिळेल का?"

"कायम झाल्याशिवाय देता येत नाही. शुक्रवारी वाचन आहे. कोर्टात जाणार आहात का?"

"नाही हो. कोर्टाचं काय करायचंय मला आता." तिने पिशवीतून एक घडी पडलेला अर्ज काढला. वर शिक्का होता. "इंजेक्शन माझ्या नवऱ्यालाच लागायचं. जहाज पकडल्याची बातमी आली तेव्हा आमच्याकडे तापाची साथ होती. वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकलेल्या. तीन दिवस मला सोडलंच नाही. चौथ्या दिवशी मी नाव, औषधाची चिठ्ठी, सगळं घेऊन परराष्ट्र खात्यात गेले. हा बघा शिक्का. चौथ्या दिवसाचा."

बाईंनी शिक्का पाहिला.

"सासूबाई अकरा वर्षं मला एकच म्हणतात. तू पहिल्याच दिवशी गेली असतीस, तर त्याचं नाव साहेबांना लवकर कळलं असतं. वाईट नाहीत हो त्या. मला जेवायला वाढतात, मी आजारी पडले की उशाशी बसतात. पण दर वर्षी त्या तारखेला हे म्हणतात. आणि ताई, मलाही ते खरंच वाटायला लागलंय. शुक्रवारी मी ते ऐकलं. घरी जाऊन सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, तू तुझ्या सोयीचं सांगतेयस. मला फक्त ते कागदावर हवंय. छापलेलं. त्यांना दाखवायला."

एका वाक्यासाठी ही बाई इथे बसली होती, आणि ते वाक्य जगात एकाच ठिकाणी होतं, त्यांच्या टेबलाच्या खणातल्या वहीत, कोणाला न वाचता येणाऱ्या अक्षरांत. त्या म्हणाल्या, "छापायला वर्ष लागतं. तुम्ही असं करा, शुक्रवारी सासूबाईंनाच घेऊन या."

"त्यांना कमी ऐकू येतं."

"पुढच्या रांगेत बसवा. मी मोठ्याने वाचते."

बोलून तर गेल्या. पण वाचणं त्यांच्या हातात होतं, कायम होणं नव्हतं. नर्सचा हात नियमाने मोजायचा नव्हता, आणि वृत्तांत घेणारीचाही नाही. बाकीच्यांतून दोन हात हवे होते.

बुधवारी राजदूतांचा स्वतःचा फोन आला. आवाज तोच, घोटीव. "बाई, मी तुमचे खंड वाचलेले आहेत. फार निगुतीनं काम करता. पण ते उत्तर सभेचं नव्हतं. दिवा बंद झालेला होता."

"दिवा यंत्राचा होता, साहेब."

"तुम्ही तिथे आहात हे मला माहीत नव्हतं."

"मी सत्तावीस वर्षं तिथेच आहे."

त्यांनी विचारलं, "ती विचारणारी कोण होती?" बाईंच्या ओठांवर आलं होतं, अगदी आलं होतं. पण सांगायचं की नाही हे त्या नर्सने ठरवायचं होतं. त्या म्हणाल्या, "प्रश्न विचारताना नाव सांगितलं नाही त्यांनी. माझ्या वहीत नाही."

"मी ते बोलायला नको होतं."

"पण बोललात. आणि साहेब, सगळ्या व्याख्यानात तेवढंच एक मला लिहायला आवडलं."

"वाचलंत तर मला नाकारावं लागेल," राजदूत म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुमच्या शब्दापुढे माझा शब्द उभा राहील. कोणाचा टिकतो हे तुम्हाला कळतंच." आणि फोन ठेवला.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं, म्हणजे पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत. डोळ्याचं भिंग काढून तो म्हणाला, "चार महिने राहिलेत. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"अहो, मी मुळी पाण्यात नाहीच. काठावर बसून लिहितेय."

"मग मासा तुला ओढून आत नेईल."

"नेऊ दे. ओली होईन, दुसरं काय."

नवऱ्याने बायकोकडे नीट पाहिलं. एवढी वर्षं संसार केल्यावर माणसाला कळतं, कुठे बोलायचं आणि कुठे नाही. तो म्हणाला, "मग पोटभर जेव. भांडायला ताकद लागते."

गुरुवारी बाईंनी उत्तर टाईप केलं. एकही शब्द सुधारला नाही, कारण सुधारण्यासारखं काही नव्हतंच. विभागप्रमुखांच्या टेबलावर प्रत ठेवली. प्रत तासाभराने परत आली, शेवटच्या प्रश्नोत्तरावर पेन्सिलीची फुली मारून. बाईंनी खोडरबर घेतलं, फुली पुसली, कागदावरचा भुगा फुंकून टाकला आणि प्रत फाइलला लावली.

शुक्रवारी पावणेपाचला सभागृह अर्धं भरलं. पाचव्या वक्त्या कोणी अर्थतज्ज्ञ होत्या, त्या पाणी पीत बसल्या होत्या. नर्स आली, तिच्या हाताला धरून एक बुटक्या, वाकलेल्या आजी आल्या. पुढच्या रांगेत बसल्या आणि आपल्याला इथे कशाला आणलंय असा चेहरा करून व्यासपीठाकडे बघत राहिल्या. मामांनी यंत्र लावलं. लाल दिवा लागला.

विभागप्रमुख खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "बाई, आज वेळ कमी आहे. थोडक्यात आटपा."

बाई खांबामागून बाहेर आल्या आणि पहिल्यांदाच व्यासपीठाच्या मधोमध उभ्या राहिल्या. त्यांनी पहिले चार प्रश्न वाचले. जांभया सुरू झाल्या. मग त्यांनी पान उलटलं आणि पाचवा वाचला, आवाज चढवून, प्रत्येक शब्द सुटा करत. तिसऱ्या दिवशी सकाळी यादी माझ्या टेबलावर होती. जांभया थांबल्या. मी यादी ड्रॉवरमध्ये ठेवली. मागचं कोणीतरी उठत होतं ते परत बसलं. माणूस नऊ दिवस तग धरेल असं मला वाटलं.

"वाचन संपलं," बाई म्हणाल्या. "कोण कायम करतं?"

एकही हात हलला नाही. विद्यार्थी आपापल्या वह्यांकडे बघायला लागले, तरुण अध्यापक आपल्या बुटांकडे. सगळ्यांनी तोंडात मूग धरलेले. त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा, कोणाला अभ्यासकेंद्रात जागा हवी होती, कोणाला शिफारसपत्र. विभागप्रमुख खाकरले. "कोणी नसेल तर एवढा भाग नोंदीत घेता येणार नाही. नियमच आहे. पुढे जाऊ."

"मी करतो," यंत्रामागून आवाज आला.

मामांनी हात वर केला होता, कोपरापासून सरळ. विभागप्रमुख म्हणाले, "मामा, तुम्ही तर यंत्र बंद केलं होतं."

"यंत्र बंद केलं होतं, सर. कान नव्हते केले."

सभागृहात हशा पिकला आणि त्या हशाने जरा हवा मोकळी झाली. पण हात एकच. बाईंनी पुन्हा सगळीकडे पाहिलं. कोणी नाही. तेव्हा त्या वळल्या आणि विभागप्रमुखांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, तुम्ही त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होतात. हातभर अंतरावर. सगळ्यांत जास्त तुम्हीच ऐकलंत."

"मी अध्यक्ष आहे, बाई."

"अध्यक्षाने हात वर करू नये असं नियमात नाही. मला पाठ आहे नियम."

"अभ्यासकेंद्राचं काय होईल याची कल्पना आहे ना तुम्हाला?"

"आहे. माझ्या सूचीचं काय होईल याचीही आहे." बाईंचा आवाज खाली आला, फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतका. "तुम्ही ऐकलं नव्हतं असं म्हणा, सर. मी तसं लिहिते. तुमचंही शब्दशः लिहिते."

विभागप्रमुखांनी चष्मा काढला. पुसला. पुढच्या रांगेतल्या आजींकडे त्यांची नजर गेली. त्या कोण आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्या एवढ्या सभेत एकट्याच त्यांच्याकडे सरळ बघत होत्या. विभागप्रमुखांचा हात वर आला, खांद्यापर्यंत, माणूस कानामागे खाजवायला नेतो तेवढा.

"सर," बाई म्हणाल्या, "आणखी वर."

हात वर गेला. तो वर गेला तसे मागून आणखी दोनतीन गेले, मग आठदहा, आता भीती कसली म्हणून. बाईंनी ते मोजले नाहीत. त्यांना दोनच हवे होते. त्यांनी कागदावर "कायम" लिहिलं आणि खाली विभागप्रमुखांची सही घेतली. सही करताना ते पुटपुटले, "सूचीला आता दुसरं कोणी बघावं लागेल मला." बाई म्हणाल्या, "बघा."

बाई व्यासपीठाच्या पायऱ्या उतरत असताना आजींनी सुनेचा दंड हलवला. "काय वाचलं गं त्यांनी? मला तुकडे तुकडे ऐकू आलं."

नर्सने तोंड उघडलं, पण तिच्याने बोलवेना. अकरा वर्षं जे ऐकत आली होती त्याचं उत्तर तिच्या तोंडून निघेना. तिने फक्त बाईंकडे पाहिलं.

बाई आजींसमोर गेल्या. गुडघे कुरकुरत होते, तरी खाली बसल्या, आजींच्या कानाशी तोंड येईल अशा. अर्थतज्ज्ञबाई बोलायला उभ्या राहिल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. बाईंनी कागद उघडला आणि सावकाश वाचलं. तिसऱ्या दिवशी सकाळी यादी माझ्या टेबलावर होती. नऊ नावं, वयं, आणि एकाच्या पुढे लिहिलेलं होतं, रोज इंजेक्शन लागतं.

"तिसऱ्या दिवशी," आजी म्हणाल्या.

"तिसऱ्या."

"ही चौथ्या दिवशी गेली होती."

"हो, आजी."

आजींनी बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. मग सुनेकडे वळल्या, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "म्हणजे तू पहिल्या दिवशी गेली असतीस, तरी..." नर्सची मान खाली गेली आणि इतकी वर्षं धरून ठेवलेलं सगळं तिच्या डोळ्यांवाटे आलं, आवाज न करता, गणवेशावर.

आजींनी पदराने आधी सुनेचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. मग बाईंना म्हणाल्या, "अजून एकदा वाचता का, बाई? मला पाठ करायचंय. उद्यापासून कोणी हिला काही बोललं, तर मला सांगता आलं पाहिजे."

बाईंनी पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.